चंद्रावरची वावटळ

"आजोबा, घाबरलात?" पहिल्या बाकावरून नातीने कुजबुजत विचारलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"छे," मी म्हणालो. हातातला खडू मात्र घामाने ओला झाला होता.

चौतीस वर्षं मी वेधशाळेत निरीक्षक होतो. ठरल्या वेळी पारा, पाऊस, वारा बघायचा आणि नोंदवहीत लिहायचा. बोलायची वेळ आली की मी साहेबांच्या पाठीमागे उभा राही. आणि आज समोर चाळीस मुलं.

दोष माझाच. भिंगरीची आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "चंद्रावर वावटळ येते का हो?" मी धड ऐकलंही नव्हतं. "हो हो," म्हणून मोकळा झालो. तिने तेच परीक्षेत लिहिलं. बाईंनी फुली मारली, तर ही वर्गात भांडली, "माझे आजोबा वेधशाळेत होते! ते चुकत नाहीत!" तेव्हापासून पोरं तिला 'चंद्रावरची वावटळ' म्हणून चिडवत होती. "तुम्हीच या आणि सांगा त्यांना," ती म्हणाली. खरं काय ते तिला घरीच सांगायला हवं होतं. चार दिवस जीभ रेटली नाही.

बाईंनी भिंगरीचं उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं होतं : चंद्रावर वावटळ येते – होय.

मी 'होय'वर एक आडवी रेघ मारली. वर 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

वर्गात हशा पिकला. भिंगरीची मान खाली गेली. मी तिच्या बाकापुढे जाऊन उभा राहिलो.

"हसू नका. चूक तिची नाही, माझी आहे. तिने विचारलं, मी न ऐकताच उत्तर दिलं. वावटळीला हवा लागते. हवा तापते, वर चढते, गरगर फिरते. चंद्रावर तशी हवाच नाही. वारा नाही, ढग नाही, पाऊस नाही. ऊन मात्र भाजून काढणारं, आणि सावलीत गेलात की हाडं गोठतील. तिथल्या धुळीत उमटलेलं पाऊल वारा कधी पुसणार नाही."

"मग 'होय' पुसलं का नाहीत? डस्टर आहे की!" मागून एकाने विचारलं.

"आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. एक रेघ मारायची. चूक दिसली पाहिजे, आणि कुणाची तेही."

बाई हळूच म्हणाल्या, "बसा ना काका, पाणी घ्या."

घरी येईस्तोवर भिंगरी माझ्या पुढे पुढे चालत होती. दारात म्हणाली, "आधी सांगायचं ना मला."

"हो. चुकलं."

तिने फडताळातून माझी वही काढली. निवृत्तीनंतरही मी गच्चीत उभा राहून नोंद करत असे. आजी गेली त्या तारखेपासून पानं कोरी होती.

"ही भरायची?"

"नाही. जे बघितलंच नाही ते मागाहून लिहायचं नसतं. कोरीच राहू देत."

गच्चीत जाऊन मी नवं पान उघडलं. तारीख, वेळ. वारा : शांत.

भिंगरीने बोट ओलं करून वर धरलं. "शांत कुठे? आहे की थोडासा. त्या टाकीकडून येतोय."

मीही बोट ओलं केलं. होता.

मी 'शांत'वर एक रेघ मारली आणि पेन तिच्या हातात दिलं.