शाईचा डाग नसलेले ड्रम

कंपनीत मला मागून ‘खडूस बाई’ म्हणतात, आणि मला ते ठाऊक आहे. माझं कामच तसं. आम्ही विकतो त्या एका द्रवापासून बॉलपेनची शाई होते, कापडाचे रंग होतात आणि कुणाच्या मनात आलंच तर माणसांची कातडी जाळणारा विषारी वायूही होतो. म्हणून तो आंतरराष्ट्रीय यादीत आहे. घेणाऱ्याने तो कशाला हवा ते लिहून द्यायचं आणि मी स्वतः जाऊन त्याची जागा बघायची, मगच माझी सही. एका रंगवाल्याला मी तीनदा परत पाठवलं, कारण त्याच्या कढईत कोळ्याची जाळी होती.

दोन वर्षांपूर्वी दादा आला. त्याची शाईची फॅक्टरी आहे. बाबा नको म्हणत असताना भांडून मला रसायनशास्त्राला बसवणारा तोच. फॉर्म पुढे ठेवून म्हणाला, एकदा येऊन बघून जा. मी हसले. ज्या फॅक्टरीच्या ओट्यावर बसून मी परीक्षांचा अभ्यास केला, ती काय बघायची? सही केली आणि त्याला चहा पाजला.

नियम असा, की आधीचे रिकामे ड्रम परत आल्याशिवाय पुढचा माल द्यायचा नाही. दादाचे ड्रम वेळेवर आले, अगदी लख्ख. आमच्या गोदामाचा मुकादम त्यांच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला की शाईवाल्यांचे ड्रम असे येत नाहीत, कामगारांच्या निळ्या हातांचे ठसे असतातच. मी त्याला सुनावलं, आमचा दादा लहानपणापासून टापटिपीचा. वर कौतुक म्हणून दुसरा माल आठवडाभर आधी पाठवला. दुसऱ्या कुणाचे असे ड्रम आले असते तर मी त्याच दिवशी गाडी काढली असती.

तो दुसरा माल सीमेवर पकडला गेला. ड्रमांवर फरशी पुसण्याच्या औषधाची लेबलं होती आणि ते युद्ध चाललेल्या देशात निघाले होते. पहिला माल कुठे पोचला, कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून मला वर्तमानपत्र उघडायची भीती वाटते.

चौकशीचे साहेब मला फॅक्टरीत घेऊन गेले. यंत्रांना गंज चढला होता. शाई घोटायच्या टाकीत कबुतरांनी घरटं केलं होतं. शेजारच्या वेल्डरने सांगितलं की हे तीन वर्षांपासून बंद आहे. म्हणजे दादा माझ्यासमोर चहा पीत होता तेव्हाही बंदच होतं.

जबाबाच्या दिवशी दादा कचेरीच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, “तू आलीस तेव्हा फॅक्टरी चालू होती, एवढंच लिही. नंतर बंद पडली म्हणून माल विकून टाकला, असं मी सांगतो. त्या वेल्डरचं मी बघून घेतो. दोघंही सुटू.”

मी विचारलं, “आणि तेव्हा मी खरंच बघायला आले असते तर?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शाळेतच आहे. “तू येणार नव्हतीस. म्हणून तर तुझ्याकडे आलो. बाकीच्या कंपन्यांतली माणसं येऊन बघतात.”

मला त्याचा इतका राग आला की रडूही येईना. ज्याच्यासाठी मी माझा एकमेव नियम मोडला, त्याने मी तो मोडणार हे धरूनच बेत आखला होता. माझी माया त्याच्या हिशेबातली पहिली पायरी होती. आत बोलावलं तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. परीक्षेला निघताना ठेवायचा तसाच. मी तो बाजूला केला.

साहेबांनी छापील कागद पुढे सरकवला. जागा प्रत्यक्ष पाहिली होती का? मी लिहिलं, नाही. हे लिहिताच नोकरी गेली, आणि दादाचाही मार्ग बंद झाला, हे मला कळत होतं.

खाली विचारलं होतं, का पाहिली नाही? उत्तराला चार ओळी सोडल्या होत्या. मला एकच पुरली. लिहिलं, सख्खा भाऊ होता.