उजेड न दिलेली अळंबी

सुचित्राला रुग्णवाहिकेत चढवत होते तेव्हा तिने देवाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "खिडकी उघडू नका. पिशव्यांना उजेड नको. मी आले की बघीन."

ती आली नाही. कुशाबाने खिडकी उघडली नाही.

लालबागच्या चाळीतली एक खोली. पोटमाळ्याच्या दांडीला दोरीने टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत पेंढा, पेंढ्यात धिंगरी अळंबीचं बी. पेंढा उकळून, पिळून, दाबून सुचित्रानेच भरलेला. तिच्या हातचं जगात एवढंच काम अजून चालू होतं. लोणचं संपलं, तिने भरलेल्या उशा बसल्या. पिशव्या मात्र आतून पांढऱ्या होत होत्या. हे पीक वाया जाऊ नये, एवढंच कुशाबाला हवं होतं.

म्हणून खिडकीला काळं कापड, ट्यूब बंद, दाराच्या फटीला गोणपाट. जेवण चाचपडत. पाणी फवारायचं तेही अंदाजाने. भेटायला येणारे उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. लोकांना रडणारा माणूस चालतो, कुबट वासाचा चालत नाही. समोरची लीला तेवढी डबा ठेवायची, आणि डब्याबरोबर टोमणा. भाऊजी, वटवाघळं पाळलीत काय? बायको गेली तुमची, डोळे नाही गेले.

एक दिवस फवारताना पिशव्यांना पाडलेल्या भोकांपाशी हाताला काही लागलं. लांब, ओलं, थंडगार. एक झुबका तोडून तो गॅलरीत घेऊन आला. नुसती फिकी देठं, शेंड्याला टाचणीच्या डोक्याएवढी गाठ. छत्री कुठेच नाही. लीलाने विचारलं, ही गांडुळं कुठून आणलीत?

त्याने दादरला मुलीला, श्रेयाला, व्हिडिओ कॉल लावला. ती प्रयोगशाळेत नोकरीला.

"अप्पा, अंधार पेंढ्यात जाळी धरेपर्यंतच. पिशवी पांढरी झाली की आई खिडकी उघडायची. तू तिथेच पेपर वाचत बसलेला असायचास."

"उघडू नका म्हणाली ती."

"आल्यावर तीच उघडणार होती."

तो चिडला. अळंबीला कशाला उजेड, ते काय झाड आहे? श्रेयाने न चिडता सांगितलं. उजेड ती खात नाही, फक्त ओळखते, त्यातही निळसर उजेड. तो पडला आणि मोकळी हवा लागली की तिला कळतं, आपण बाहेर आलो. मग देठ आवरून ती छत्री धरायला लागते, आतला सगळा कारभार बदलते.

"नाहीतर तिला वाटतं, रानातल्यासारखं आपण अजून लाकडाच्या आतच आहोत. मग मान लांबवत राहते, अप्पा."

त्याने फोन ठेवला. मसणात भटजी सांगेल ते त्याने केलं होतं; त्यात त्याचं काही नव्हतं. ही खिडकी उघडणं म्हणजे मात्र ती येणार नाही, हे स्वतःच्या हाताने कबूल करणं. तो दिवसभर त्या कापडासमोर बसून राहिला.

दुसऱ्या सकाळी त्याने कापड फाडलं. सोडवत बसला असता तर परत बांधलं असतं.

समोर टॉवर. चाळीचा सूर्य त्याने अडवला आणि वर आपल्या काचांवरून तासभर उष्टा उजेड चाळीच्या अंगावर टाकतो. तोच आत आला. कोळिष्टकं, न घासलेली भांडी, तिची साडी दोरीवर तशीच.

त्याने ती वाकडी देठं काढून टाकली आणि वाट बघितली. नवे कळे आले, आणि पुढच्या काही दिवसांत करड्या, रुंद छत्र्या फुटल्या. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. त्याच्याकडे एकीचंही नाही.

अळंबी तिच्यासारखी पिरगळून तोडली, खोबऱ्याचं वाटप लावून भाजी केली. मीठ जास्त पडलं. सांगायला कोणी नव्हतं. अर्धी लीलाकडे दिली.

संध्याकाळी श्रेयाला विचारलं, ह्याच पिशव्यांतून परत येतील? येतील, पाणी मारत राहा, ती म्हणाली. आणि त्यानंतर? येतील, पण कमी.

"आणि मग?"

त्याने फवारणीची बाटली भरायला घेतली.