मधोमध जागी होणारी चिप

आणि फट्!

बल्ब गेला. टेबलावर काचेचा चुरा, हवेत जळका वास, आणि धाकटी खुर्चीवर चढून ओरडतेय, "गेला! ताई, गेला गं!"

जणू लॉटरीच लागली.

थांबा. बल्ब कुठून आला, ते आधी.

आत्याच्या दुर्बिणीला कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात नखाएवढा सेन्सर. तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, म्हणजे जगात असलाच तर हा एकच. त्याला तीन व्होल्ट लागतात. चित्र स्वच्छ यावं म्हणून किंचित वर, किंचित खाली. चारच्या पुढे गेलं की खेळ खलास. जुना पॉवर सप्लाय थकला, म्हणून दोघी भाच्या नवा करायला बसल्या.

"सेन्सर गेला तर मी आंधळी," एवढंच म्हणून आत्या स्टूल ओढून शेजारी बसली.

भांडण जुंपलं ते चिपवरून. कॉम्प्युटरने आकडा सांगायचा, चिपने त्याचं व्होल्टेज करून सप्लायला खुणवायचं. बिट जितके जास्त, तितक्या व्होल्टेजच्या पायऱ्या बारीक. पण चिप कुठली?

"सोळा बिटांची," धाकटी म्हणाली. "पायऱ्याच पायऱ्या! केसाएवढ्या!"

"आठ पुरेत. मुंगीसाठी जिना बांधायचाय का तुला?"

"तुझ्या जिन्यावर हत्ती चढेल, ताई."

धाकटी जिंकली. जोडणी झाली, सगळं स्थिरावलं, मग मीटर पाहिला. तीन! वर, खाली, लोण्यासारखं. तिने सेन्सर चिमट्यात उचललाही.

"लावू?"

"बकरा कुठाय?" ताईने विचारलं.

या खोलीचा नियम: पहिला करंट बकऱ्याला. बकरा म्हणजे सेन्सरच्या जागी लावलेला तीन व्होल्टचा चिल्लर बल्ब.

"अगं, मीटर दाखवतोय ना!"

"सगळं बंद. पहिल्यापासून चालू. बकरा आधी."

बटण. कॉम्प्युटर अजून डोळे चोळतोय आणि

(सुरुवातीला वाचलंत तेच.)

"शून्य!" धाकटी खुर्चीवरूनच. "ही चिप उठते तीच शून्यावर! आणि आपल्या जोडणीत चिप गप्प बसली की सप्लायला वाटतं, आपण कमी पडतोय..."

"...म्हणून तो चढतो. थेट नऊ व्होल्टपर्यंत. कॉम्प्युटरचा पहिला हुकूम येईतो."

"तुझी आठवाली?"

ताईने माहितीपत्रक चाळलं. "तीही शून्यावरच उठते मेली!"

दोघी खो खो हसत सुटल्या.

"हसताय काय? माझा डोळा अजून चिमट्यात लटकतोय!"

सेन्सर अलगद डबीत गेला. खण उघडला. उचकपाचक. सापडली! बारा बिटांची, दोघींनीही नापास केलेली. ही जागी होते ती शून्यावर नाही, पट्टीच्या मधोमध.

"मग मधोमध म्हणजेच तीन व्होल्ट करू!"

"रेझिस्टर बदल. तो नको, शेजारचा. सोल्डरगन तापलीय, भाजशील गं!"

नवा बकरा. बटण. कॉम्प्युटर झोपेतच, आणि बल्ब शहाण्यासारखा मंद पेटला. बंद. चालू. बंद. चालू. धाकटी नाचायची तेवढी राहिली.

आता सेन्सर.

बटण.

पडद्यावर आधी नुसती वाळू. मग समोरच्या गच्चीवरची दोरी. दोरीवर कपड्यांचा चिमटा.

"एक पायरी खाली," आत्या म्हणाली. वाळू विरली. "अजून एक." चिमट्याची स्प्रिंग दिसली. तिच्यावरचा गंज दिसला!

"बास, आता कुणी हात लावू नका," ताई कुजबुजली.

आत्याने हात लांब केला आणि बटणच बंद केलं.

"आत्या!"

परत चालू.

वाळू. दोरी. चिमटा.

"परत करू?" आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता केलंच.