कडू भाजीची कढई

मित्रांनो, पिपरी मेघेतल्या कुमरे यांच्या घरची मी लोखंडी कढई. मला दोन कान आहेत, त्यांतला एक जरा वाकडा आहे. तळ काळा ठिक्कर पडलाय. माझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगता येतील आणि त्या मी सांगणारही आहे. पण आज जे सांगायचं म्हणून मी बसले आहे ते चांगलं नाही. त्यात माझा मोठा अपराध आहे.

समुद्रपूरकडच्या एका लोहाराने मला घडवलं. गिरडच्या टेकडीखाली तो पोतं अंथरून आम्हा भांड्यांना मांडून बसायचा. तिथे देवकाबाईंनी मला उचललं, बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हेच पायजे मले." त्यांचे यजमान डोमाजी तेव्हा वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होते. जंगलाकाठच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी वीस-बावीस वर्षं चुलीवर चढत होते. मोहाची फुलं भाजली, वांगी शिजवली, दिवाळीच्या करंज्या तळल्या. पाहुणे बोटं चाटत आणि देवकाबाई म्हणत, "माह्या हाताची नाई जी, कढईची चव हाये." हे ऐकून मी फुगून जायचे. खोटं कशाला बोलू?

देवकाबाई वारल्या. डोमाजी निवृत्त झाले आणि मुलाकडे, निकेशकडे पिपरी मेघेत राहायला आले. सोबत एक ट्रंक, एक काठी आणि मी. सून ज्योत्स्ना मायाळू होती, पण तिच्या गॅसवर हलकी नॉनस्टिक कढई होती. मला उचलताना तिचं मनगट दुखायचं. मी आधी ओट्याखाली गेले आणि एका सकाळी डोमाजींनी मला सरळ परसात नेलं. त्यांना राख आणि शेणखत वाहायला काहीतरी हवं होतं.

ज्या पोटात करंज्या तळल्या, त्यात शेणखत! मला फार लागलं ते. परसातल्या त्या सगळ्या दिवसांत माझ्या मनात एकच इच्छा होती, की कसंही करून पुन्हा स्वयंपाकघरात जायचं. पुढे जे झालं त्याचं मूळ या इच्छेत आहे, म्हणून सांगते.

त्या वर्षी दिवाळीनंतर टोपलीतल्या काही बटाट्यांना कोंब फुटले. ज्योत्स्ना ते टाकून देणार होती. डोमाजी म्हणाले, "टाकू नको वं. लावून पाहतो."

"इथं कोन आलू लावते, मामाजी? या काळ्या मातीत होतात का?"

"हजारो रोपं जगवली मी. आलूचं काय घेऊन बसली?"

त्यांनी प्रत्येक तुकड्यात कोंबाचा एकेक डोळा राखून बटाटे कापले, कापलेल्या बाजूला माझ्यातली राख लावली आणि भिंतीलगत दोन वाफ्यांत पुरले. सहा वर्षांची अंजू, त्यांची नात, रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी वाफ्याकडे धावायची. पंधरा दिवसांनी पालवी वर आली तेव्हा आजोबा आणि नात दोघांनीही टाळ्या वाजवल्या. डोमाजी कित्येक महिन्यांनी हसले होते.

झाडं वाढली की बुंध्याशी माती चढवावी लागते, नाहीतर बटाटे उघडे पडतात. डोमाजींनी एकदा चढवली. दुसऱ्यांदा चढवायची तेव्हा त्यांची कंबर धरली. "राहू दे, झालं तेवढं पुरे," असं ते स्वतःशीच म्हणाले. रोपवाटिकेतल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पानं पिवळी पडली. डोमाजींनी कुदळीने हळूच माती उकरली आणि अंजू बटाटे वेचून माझ्यात टाकू लागली. काही लिंबाएवढे, काही आवळ्याएवढे. मी काठोकाठ भरले. डोमाजींनी मला तशीच कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आठ-दहा दिवस उन्हात मी ते बटाटे मांडीवर घेऊन बसले. वरचे बटाटे हळूहळू हिरवे होत गेले. मी ते पाहत होते.

मग रविवार आला. निकेश सावंगीला कामावर गेला होता. डोमाजी सुनेला म्हणाले, "आज आलूची भाजी कर. सालासकट, नवे आहेत. आनि या कढईतच कर, तुह्या सासूच्या."

ज्योत्स्नाने मला राखेने, मग चिंचेने घासलं. मी पुन्हा शेगडीवर चढले! तेल तापलं, मोहरी तडतडली आणि मी आनंदाने वेडी झाले. ज्योत्स्नाने एक बटाटा उजेडात धरून पाहिला. "मामाजी, हिरवे दिसून राह्यले काही."

"कवळे आहेत, म्हणून."

तिने तो कापला आणि माझ्यात टाकला. मला वाटत आलं होतं की विस्तव सगळे दोष जाळतो. त्या दिवशी एक वास माझ्या तळाशी आला, कडवट, ओळखीचा नसलेला. पण मला परत परसात जायचं नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली, की काही नाही, शिजलं की जाईल.

ताटं वाढली. डोमाजींनी घास घेतला आणि म्हणाले, "वा!" ज्योत्स्नाने घास घेतला, वर पाण्याचा घोट घेतला आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "मस्त झाले, मामाजी."

अंजूने तोंड वाकडं केलं. "आई, कडू लागते. घशात चावते."

"आबाजींनी लावले ना तुह्यासाठी? खा बरं."

आजोबांना वाईट वाटू नये म्हणून अंजूने पाणी पीत पीत सगळी वाटी संपवली. मग डोमाजींनी विचारलं, "आनखी?" तर तिने मान हलवून हो म्हटलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ती मैत्रिणीबरोबर समोरच्या कडुनिंबाखाली कैलासच्या गाडीवर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाऊन आली. सहा वाजता तिला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. पोट धरून ती ओट्याजवळच आडवी झाली. डोळे फिरवू लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. ते दोन दिवस मी तशीच होते, तळाशी खरवड वाळलेली, आणि घरात माणूस नव्हता. एवढा लांबलेला वेळ मी कधीच काढला नव्हता.

अंजू वाचली. पण, हे मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं, दवाखान्यात कुणी विचारलं की बाहेरचं काही खाल्लं का, तेव्हा डोमाजी पटकन म्हणाले, "गुपचुप." ज्योत्स्ना शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही.

घरी आल्यावर डोमाजी काठी घेऊन गाडीवर गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. "काऊन रे, लेकराईले जहर खाऊ घालतं का?" ते ओरडले. कैलास हात जोडून म्हणत होता, "काकाजी, माहे पोरंबी हेच खाते. पाणी मी उकळून घेतो." कोण ऐकतो? निकेशने कॉलनीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलं. चार दिवसांत गाडीजवळ कुणी फिरकेना. कैलास संध्याकाळभर उकडलेले बटाटे झाकून बसायचा आणि अंधार पडायच्या आत तसाच परत जायचा.

एका दुपारी ज्योत्स्ना ओट्याशी उभी राहून फोनवर काही वाचत होती, ओठ हलवत, स्वतःलाच ऐकू जाईल इतक्या हळू. हिरव्या बटाट्यात विष असतं. ते सालीत जास्त असतं. शिजवून जात नाही. तिने फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, फुटून जावं; पण लोखंड फुटत नाही.

तरी ती बोलली नाही. सासरे पुन्हा गप्प होतील, या भीतीने दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. कैलास बिस्किटांचा पुडा घेऊन उभा होता. "काकाजी, पोरगी बरी हाये ना?"

डोमाजींनी पुडा घेतला नाही. फाटक लावून घेतलं. कैलासने तो पुडा भिंतीवर ठेवला आणि गेला.

ज्योत्स्ना टोपलीत उरलेले बटाटे घेऊन डोमाजींसमोर खाली बसली. "मामाजी, त्याचं काई चुकलं नाई. भाजी कडू होती. मले कळलं होतं. मी बोलली नाई, आनि लेकराले खायले लावली."

डोमाजींनी त्यातला एक हिरवा बटाटा हातात घेतला. मग म्हणाले, "मले बी कळलं होतं."

"काय?"

"पहिल्या घासाले जीभ जळली माही. म्हनून मी दोनच घास खाल्ले, पोट भरलं म्हनलो. एवढं कौतुक करून राह्यले होते तुम्ही. कसं म्हनू, की माहे आलू बिघडले? पोरगी खरं बोलली. आपन दोघाईनं तिचं तोंड बंद केलं."

ज्योत्स्ना रडली. डोमाजी रडले नाहीत. त्यांनी चपला घातल्या, भिंतीवरचा पुडा उचलला आणि कैलासच्या घरी गेले. ज्योत्स्ना मागोमाग गेली. तिथे काय झालं ते तिने संध्याकाळी निकेशला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. कैलासने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण तो म्हणाला, "तुमी आले, बरं केलं. पण गावभर जे झालं, ते कोन निस्तरन?"

निकेशने त्याच ग्रुपवर खरं लिहून टाकलं आणि माफी मागितली. पण असं वाचतं कोण? म्हणून डोमाजी दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी कडुनिंबाखाली गाडीशेजारी उभे राहू लागले. जो दिसेल त्याला थांबवून ते सांगत, "माही नात माह्याच आलूनं बिमार पडली होती. मी या मानसावर खोटा आळ घेतला." कुणी हसलं, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काही गिऱ्हाइकं परतली, काही नाही परतली. डोमाजी महिनाभर उभे होते. कंबर धरली तर काठीवर रेलून, पण उभे होते.

मित्रांनो, मला पुन्हा परसात टाकलं नाही. मी अजून ओट्यावर आहे आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते, कारण शिक्षा कुणीच केली नाही. काल ज्योत्स्नाने माझ्यात पिठलं केलं. अंजूने घास घेतला आणि घाबरत म्हणाली, "आई, खारट झालं." ज्योत्स्नाने चाखून पाहिलं, डोमाजींनी चाखून पाहिलं.

"हो वं," डोमाजी म्हणाले, "लय खारट झालं." आणि तिघांनीही हात थांबवले.

तुम्ही बटाटे लावाल तेव्हा त्यांना मातीने नीट झाकून ठेवा आणि काढल्यावर अंधाऱ्या जागी ठेवा. हिरवे झाले तर कितीही मेहनतीचे असोत, टाकून द्या. आणि तुमच्या ताटाशी बसलेलं लहानगं कडू म्हणालं, तर आधी त्याची वाटी बाजूला करा. कौतुक नंतर करता येतं.