‘बदल नाही’ लिहिलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी चिमट्याची फळी आहे. परीक्षेला तुम्ही ‘पॅड’ नेता ना, तसलीच. कॅनडातल्या थंडर बे गावी, हिल्का सालो हिच्या उपचारखोलीत माझे आयुष्य गेले.

हिल्का मालिश करून लोकांची दुखणी हलकी करायची. तिथे हे काम कुणीही उठून करू शकत नाही. शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते, या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे नाव नोंदवावे लागते आणि मंडळाचे नियम पाळावे लागतात. त्यातला एक नियम माझ्या वाट्याचा होता. अंगाला हात लावण्याआधी दर खेपेला विचारायचे : तब्येतीत काही बदल? नवे औषध? आज इथे दाबले तर चालेल? उत्तर ऐकायचे, मगच माझ्यावरच्या कागदावर लिहायचे. या मानामुळे मी फुगून गेले होते.

ऑरविल पेटिग्रू हे आमचे जुने गिऱ्हाईक. बंदरावरच्या धान्यकोठारात चाळीस वर्षे फावडे मारून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हिल्का विचारू लागली की ते म्हणत, “पोरी, खांदा तोच, म्हातारा तोच. तू काय जनगणना करतेस?”

“विचारल्याशिवाय हात लावणार नाही. कायदा आहे.”

“मग कायद्यालाच सांग, जरा डावीकडे दाब म्हणून.”

अशी आठ वर्षे गेली. माया वाढली आणि मायेच्या पोटी आळस जन्मला. ऑरविल बाहेर बर्फाचे बूट काढत असत, तोवर हिल्का आत ‘बदल नाही’ लिहून मोकळी होई. खरे सांगते, मलाही ते बरे वाटे. काम लवकर उरके.

मग एका फेब्रुवारीत डॉक्टरांनी ऑरविलना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांचा खांद्याशी काय संबंध, म्हणून ते बोलले नाहीत. हिल्काने विचारले नाही. तिने नेहमीसारखे खांद्यापासून कमरेपर्यंत जोर लावून दाबले.

तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी लोर्ना त्यांना घेऊन आली. तिने त्यांचा सदरा वर केला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ काळीनिळी झाली होती.

“डॉक्टर म्हणाले, या गोळ्या चालू असताना एवढं दाबायचं नसतं,” लोर्ना म्हणाली. “तुम्ही विचारलं नव्हतं?”

हिल्काने माझ्याकडे पाहिले. तारखेपुढे स्वच्छ अक्षरात ‘बदल नाही’ होते.

“विचारलं होतं गं तिनं,” ऑरविल घाईने म्हणाले. “मीच विसरलो. माझं डोकं म्हणजे आता रिकामं कोठार.”

ते तिला वाचवायला खोटे बोलत होते. तिने नुसती मान हलवली असती, तर तिचे नाव आणि तिचे काम दोन्ही सुरक्षित राहिले असते. मित्रांनो, आज सांगायला लाज वाटते, पण तिने गप्प राहावे असे मला वाटत होते.

“नाही लोर्ना,” हिल्का म्हणाली. “मी विचारलं नाही. न विचारताच लिहिलं.”

“म्हणजे खोटं लिहिलंत?”

“हो.”

“झालं,” ऑरविल पुटपुटले. “आता मीही खोटा ठरलो.”



नियम असा, की चुकलेला कागद फाडायचा नाही, शब्द गिरगटून झाकायचा नाही. खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरे लिहायचे, तारीख आणि सही करायची. हिल्काने रेघ मारली. ‘औषधाबद्दल विचारले नव्हते’, तिने लिहिले. मग तिने मंडळाचा पत्ता लोर्नाच्या हाती दिला. “तक्रार इथे करता येते. करा.”

लोर्नाने केली. मंडळाने हिल्काला लेखी समज दिली आणि पुन्हा शिकायला बसवले.

ऑरविल परत आले ते उन्हाळ्यात. हिल्काने मला मांडीवर घेऊन विचारले, “काही बदल? नवं औषध?”

या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. खिशातून यादी काढली आणि एकेक औषधाचे नाव सावकाश वाचून दाखवले. शेवटी म्हणाले, “सगळं लिहिलंस ना? लोर्नानं विचारायला सांगितलंय.” हिल्काची मान खाली गेली. तिने कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला.

आता माझा चिमटा सैल झाला आहे. मी कपाटावर पडून असते. रेघ मारलेला तो कागद त्याच कपाटात आहे, आणि कायद्याने तो दहा वर्षे जपावा लागतो. मित्रांनो, ओळख कितीही जुनी असो, दुसऱ्याचे दुखणे त्यालाच विचारा. उत्तर कानांवर पडेपर्यंत लेखणी उचलू नका.