काही करत नाही हो तो!

मी मुसकं बोलतोय. हसू नका. ज्याचा जन्मच कुत्र्याचं तोंड आवरण्यासाठी झाला त्यानं स्वतःचं तोंड उघडलं, म्हणून तुम्हाला गंमत वाटत असेल. पण आजवर मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. 'बिचारं कुत्रं!' 'कसली ही निर्दय माणसं!' 'शी, किती भयंकर दिसतंय!' रस्त्यानं जाणारा येणारा माझ्याकडे बघून नाक मुरडतो. आज मी माझी बाजू मांडणार आहे, मग कुणाला आवडो न आवडो.

घोड्यांचे लगाम शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. जाड तपकिरी चामड्याच्या पट्ट्या, मध्ये मोकळ्या जागा, नाकाच्या हाडाला टोचू नये म्हणून लोकरीची मऊ गादी आणि मानेमागे पितळी बक्कल. मी तयार झाल्यावर त्यानं आपली मूठ माझ्यात घातली आणि आतल्या आत बोटं उघडून-मिटून बघितली. "ह्यात कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत. पाणी पिता आलं पाहिजे," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "नुसतं तोंड आवळायचं असेल तर दोरी घ्या नि घरी जा."

गिऱ्हाईक होता एक कंत्राटदार. त्यानं मान डोलावली, पण ऐकलं काही नाही. ह्या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, असा त्याचा खाक्या. मोठं घर बांधलं, मोठं फाटक बसवलं, मग फाटकाला शोभेल असा मोठा कुत्रा आणला. कुत्रा कुत्र्यासारखा भुंकायला लागल्यावर त्याला राग आला. पाहुणे आले की मी कुत्र्याच्या तोंडावर, मालकाला झोप लागली की मी तोंडावर, फोन आला की मी तोंडावर. बक्कल शेवटच्या भोकापर्यंत ओढलेलं असायचं. माझं काम चावा अडवण्याचं होतं, त्यानं मला शिक्षा करून टाकलं. मी खुंटीवरून नुसता हललो तरी तो धिप्पाड कुत्रा अंग चोरून कोपऱ्यात मुतायचा. मला माझीच लाज वाटायची.

पुढे कंत्राटदाराच्या हौसेचा भर ओसरला. 'गावाला जाऊन येतो, चार दिवस सांभाळा' असं सांगून त्यानं कुत्र्याला आणि मला गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सोडलं, आणि जो गेला तो गेलाच. मागच्या पिंजऱ्यात कुत्रा, पिंजऱ्याच्या खिळ्याला मी. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

तिथं आम्हाला टाकेबाई भेटली. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, म्हणून सगळे तिला टाकेबाई म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ती दवाखान्यातल्या कुत्र्यांसाठी चिंध्यांच्या गाद्या शिवून आणायची. तिनं त्या कुत्र्याचं नाव ढब्बू ठेवलं आणि एक दिवस त्याला घरी नेलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "हा घाबरट आहे. घाबरला की दात लावतो. हे मुसकं बरोबर न्या."

"मुसकं बघूनच तर हा थरथरतोय," टाकेबाई म्हणाली.

"मग दोघांची दोस्ती करा."

आणि तिनं ती केली. कशी, ते ऐका, कारण हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मुसकं कुत्र्याला घालायचं नसतं, कुत्र्यानं आपण होऊन त्यात तोंड घालायचं असतं. टाकेबाई मला वाटीसारखं हातात धरायची आणि तळाशी उकडलेल्या अंड्याचा बलक चोळायची. मग शिवणयंत्राशेजारी बसून राहायची. बोलावणं नाही, ओढणं नाही. ढब्बू पहिल्यांदा दाराबाहेर पळाला. मग दारात बसला. मग यंत्राच्या पायाशी. एका दुपारी त्याचं ओलं नाक माझ्या गादीला टेकलं, जीभ बलकावर फिरली आणि त्याचा गरम श्वास माझ्या पट्ट्यांतून आरपार गेला. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याच्या तोंडावर मी असंख्य वेळा चढलो होतो, पण त्यानं मला आपणहून घेतलं ते त्या दिवशी.

पण ही दोस्ती पुरी व्हायच्या आधीच घात झाला होता. ढब्बू मुसक्याशिवाय जिना उतरत होता आणि खालून समोरच्या घरातल्या काकू वर येत होत्या. काकूंनी पाणी झटकायला छत्री फाडकन उघडली. ढब्बू घाबरला आणि त्यानं काकूंचा हात धरला. टाके पडले. टाकेबाईनंच त्यांना दवाखान्यात नेलं, त्यांच्या शेजारी बसून राहिली आणि म्हणाली, "काकू, चूक ढब्बूची नाही, माझी आहे. त्याला असा मोकळ्या तोंडानं जिन्यात आणायलाच नको होता." काकूंनी तिचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन वसाहतीच्या सेक्रेटरींकडे रीतसर तक्रार केली. समितीनं ठरवलं, ह्या कुत्र्याचा आणखी एक चावा आणि कुत्रा वसाहतीबाहेर. त्या रात्री टाकेबाई जेवली नाही. बाहेर म्हणजे कुठं? पुन्हा त्या पिंजऱ्यातच की!

तेव्हापासून ढब्बू घराबाहेर पडला की मी त्याच्या तोंडावर. बक्कलाखाली दोन बोटं सहज जातील इतका सैल, पण असणार म्हणजे असणारच.

आता मैदानाचं सांगतो. वसाहतीशेजारच्या मैदानावर दर महिन्याला कुत्र्यांचा मेळावा भरतो. लस टोचायचं टेबल, पिल्लं दत्तक द्यायचं टेबल, आणि शेवटचं टाकेबाईचं. ती तिथं फुकट राबते. पट्टा कसा धरावा, कुत्र्याची घाण कशी उचलावी, दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी का विचारावं, हे घसा कोरडा होईतो सांगते. मग मला आणि अंड्याला पुढं करून मुसक्याची युक्ती दाखवते. लोक पिल्लांच्या टेबलावर झुंबड करतात आणि आमच्या टेबलाला वळसा घालतात. जाता जाता म्हणतात, "आम्हाला काय करायचंय मुसकं? आमचा काही करत नाही हो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता माझी कातडी जळते. अरे, ज्याला दात आहेत तो चावू शकतो! गायीला शिंगं असतात हे तुम्हाला मान्य, मांजराला नखं असतात हे मान्य, फक्त तुमच्या लाडक्याच्या तोंडात कापूस आहे का?

मेळाव्याचे पुढारी सेक्रेटरीसाहेबच. त्यांचा सोनू नावाचा झुबकेदार कुत्रा, आणि त्या दिवशी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या टेबलाशी आले.

"बाई, आजच्या दिवस ते काढा. फोटोत वाईट दिसतं. लोकांना वाटेल आपण चावरी कुत्री जमवलीत."

"साहेब, हा चावरा आहे. तुमच्याच समितीनं ठरवलंय ना?"

"मग आज आणायचा कशाला त्याला?"

"घरात कोंडून ठेवला तर माणसांना आणखीच भिईल. तो येणार, आणि मुसक्यासकट येणार. फोटो नको तर काढू नका." तिचा आवाज चढला नाही, पण ढब्बूच्या पट्ट्याचा तिनं मनगटाला एक वेढा जास्त दिला. मला तिचा अस्सा अभिमान वाटला!

काकूही आल्या होत्या. त्यांना कुत्र्यांचं प्रेम वगैरे काही नाही. ढब्बूवर नजर ठेवायला त्या दर मेळाव्याला यायच्या आणि मैदानाच्या कडेला, आमच्या टेबलाचं बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर, तोंड वाकडं करून उभ्या राहायच्या.

फोटोग्राफर आला. साहेबांनी ऐटीत सोनूचा पट्टा सोडला. "मोकळा पळताना घ्या फोटो. काही करत नाही हो तो!" सोनू पळाला तो सरळ आमच्याकडे. अंड्याचा वास आला होता त्याला. टेबलाखाली शिरून तो ढब्बूच्या थेट अंगावर चढला. ढब्बू मागं सरकायला गेला, तर मागं टेबलाचा पाय. तो गुरगुरला. कुत्र्याच्या भाषेत ह्याचा अर्थ 'कृपा करून लांब हो' असा आहे, पण सोनूला ती भाषा कुणी शिकवलीच नव्हती. टाकेबाई पट्टा ओढत होती. तेवढ्यात साहेब धावत आले आणि त्यांनी शहाण्या माणसानं कधी करू नये ते केलं. दोन कुत्र्यांच्या मध्ये हात घातला.

ढब्बू झेपावला. मी सगळ्या ताकदीनिशी ताणून धरलं. त्याचे दात माझ्या आतल्या बाजूवर आदळले, एक पट्टी कडाडून फाटली, पण मी सुटलो नाही. साहेबांच्या मनगटाला लागली ती फक्त लाळ.

"चावला! चावला!" साहेबांनी मैदान डोक्यावर घेतलं. "सगळ्यांनी बघितलं! हा दुसरा चावा! आजच्या आज हा कुत्रा वसाहतीतून गेला पाहिजे!"

टाकेबाई खाली बसली आणि तिनं ढब्बूच्या गळ्यात हात टाकला. लोक गोळा झाले आणि चार पावलं लांबच राहिले. सेक्रेटरीशी वाकडं कोण घेणार?

गर्दीतून काकू पुढं आल्या. आता संपलं, असंच मला वाटलं.

"हात दाखवा," त्या साहेबांना म्हणाल्या.

"अहो काकू, तुम्हीच तर तक्रार..."

"हात दाखवा म्हणते ना!"

साहेबांनी हात पुढं केला. काकूंनी तो उलटा केला, सुलटा केला, पदरानं लाळ पुसली. मग आपली बाही वर सरकवून स्वतःचा हात त्या हाताशेजारी धरला. तिथं टाक्यांचे वण होते. "हे चावणं. तुमचं काय आहे? साधा ओरखडा नाही. चावणं म्हणजे काय ते मला शिकवू नका."

"मुसकं होतं म्हणून वाचलो मी!"

"तेच म्हणतेय मी. ते काढा म्हणून मघाशी कोण सांगत होतं? आणि हा बांधलेला होता, साहेब. सुटा कोण होता?"

साहेबांनी सोनूला उचललं आणि ते तरातरा निघून गेले. टाकेबाई हात जोडून काही म्हणायला गेली, तर काकूंनी तिलाही थांबवलं. "आभार मानू नका. तक्रार मी मागं घेणार नाही. जिन्यात मला अजून भीती वाटते. ज्या दिवशी ह्याच्या तोंडावर हे दिसणार नाही, त्या दिवशी मी पहिली ओरडेन."

"ओरडा, काकू," टाकेबाई डोळे पुसत म्हणाली. "मीही ओरडेन तुमच्याबरोबर."

ढब्बू घरी परत आला. टाकेबाईनं माझी फाटलेली पट्टी दुहेरी दोऱ्यानं शिवली. आता मी आधीपेक्षा कुरूप दिसतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. साहेबांनी दुसऱ्या मैदानावर नवा मेळावा सुरू केला आहे. तिथं फुगे असतात, गाणी असतात, आणि कुणी कुणाला पट्टा बांध म्हणत नाही. निम्मी माणसं तिकडे गेली. जाऊ देत. आमच्या टेबलाशी थोडीच येतात, पण येतात ती आपल्या कुत्र्याला ओळखून येतात. परवा काकू आल्या, पिल्लू मागणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी अडवलं आणि आपला हात दाखवून विचारलं, "असं झालं तर काय कराल? पिल्लू सोडून द्याल, की ह्या बाईसारखं दवाखान्यात येऊन बसाल?" जोडपं विचार करायला घरी गेलं. पिल्लू त्या दिवशी कुणाला मिळालं नाही, आणि मला त्यात काहीही वाईट वाटलं नाही.

तेव्हा रस्त्यात मुसकं घातलेला कुत्रा दिसला तर त्याला बिचारा म्हणू नका. बिचारी ती, जी पिंजऱ्यात बसून कधीच न येणाऱ्या माणसाची वाट बघतात. वाटेतून थोडे बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. त्याच्याबरोबर चालणाऱ्या माणसाला आपला कुत्रा काय करू शकतो ते पुरेपूर माहीत आहे, आणि तरीही त्यानं त्याला घरात ठेवलं आहे.