डावीकडची आणि उजवीकडची रोपं

रादका लेकीच्या बाळंतपणासाठी स्पेनला गेली आणि टोमॅटोचं बी पेरायचं काम पहिल्यांदाच वर्बानच्या गळ्यात पडलं. बल्गेरियातल्या प्लेव्हेन शहरात त्याने सगळी नोकरी ट्रॉलीबस चालवण्यात काढली होती. गावाकडच्या बागेत खणायचं, पाणी ओढायचं, पेट्या उचलायच्या, एवढाच त्याचा वाटा. रोपं करणं हा रादकाचा प्रांत. मार्च लागला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीत दह्याचे रिकामे डबे मांडायची आणि मे महिन्यात त्यातली रोपं गावी न्यायची.

"फार काही नाही रे त्यात," निघताना ती म्हणाली होती. "माती भर, बी टाक, ऊब दे. आणि अडलास तरी खालच्या गेनाकडे जाऊ नकोस."

गेना म्हणजे बरोबर त्यांच्या खालच्या घरात राहणारी, ऐंशीला टेकलेली विधवा. काही वर्षांपूर्वी जिन्यात चार बायकांसमोर ती बोलून गेली होती की रादकाची ल्युतेनित्सा दुकानातल्या बाटलीसारखी लागते. लाल मिरच्या आणि टोमॅटो दिवसभर आटवून केलेल्या चटणीला कुणी असं म्हटल्यावर रादका काय ऐकून घेणार? तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

वर्बानने ऊब मात्र भरपूर दिली. खिडकीखालचा हीटर चोवीस तास चालू ठेवला, थंडी आत येऊ नये म्हणून जाड पडदा ओढून घेतला. बी भराभर रुजलं. रोपं इतक्या झपाट्याने वर जाऊ लागली की तो सकाळी उठला की आधी खिडकीशी जाई.

"बघत राहशील अशी झालीत," फोनवर तो रादकाला म्हणाला. "तुझीसुद्धा एवढी उंच कधी नव्हती."

"उंच?" रादकाचा आवाज बदलला. "किती उंच?" पण तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुढच्या आठवड्यात रोपांनी माना टाकल्या. पांढुरकी, दोऱ्यासारखी खोडं एकमेकांवर रेलून पडली, काही तर डब्याच्या काठावरून खाली लोंबू लागली. वर्बानने पाणी घातलं, तर ती आणखीच झोपली. काड्यांचे टेकू दिले, तर टेकूच्या वर वाकली.

त्याच दुपारी कचरा टाकून येताना त्याने सहज वर पाहिलं. गेनाच्या खिडकीत रोपं होती. ठेंगणी, हिरवीगार, पहारेकऱ्यांसारखी ताठ. वर्बान रिकामी पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिला. इमारत तीच, बाजू तीच, खिडकीवर खिडकी. मग हिची अशी आणि माझी तशी का? हा प्रश्न त्याला जेवताना सुटेना, टीव्हीसमोर सुटेना. शेवटी त्याने एक डबा काखोटीला मारला आणि खाली जाऊन बेल वाजवली.

गेनाने दार उघडलं, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"अरे देवा! हे काय, शेवया पेरल्यास की काय?"

"गेनामावशी, थट्टा नंतर करा. हे असं का झालं ते सांगा."

तिच्या स्वयंपाकघरात शिरताच वर्बानला हुडहुडी भरली. हीटर बंद, खिडकी किलकिली, पडद्याचा पत्ता नाही. गेना अंगावर दोन स्वेटर चढवून बसली होती.

"घरात अंधार आणि त्यात उकाडा," ती म्हणाली. "मग बिचारी उजेड शोधायला धावतात. धावताना अंग कुठून धरणार?"

"आता फेकूनच द्यायची ना?"

"फेकतोस कशाला? मोठ्या डब्यात पानांपर्यंत पुर. जास्तच लांब असेल तर खोड आडवं निजव आणि शेंडा तेवढा वर ठेव. मातीखाली गेलेल्या खोडाला मुळं फुटतात. टोमॅटोचं तेवढं बरं असतं. मिरचीवर मात्र हा प्रयोग करू नकोस."

बोलता बोलता तिचा हात आपल्या रोपांच्या शेंड्यांवरून फिरत होता. मांजराची पाठ कुरवाळावी तसा, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"हे काय करताय?"

"हे? आई करायची. म्हणायची, वाऱ्याचा हात लागला की रोप कंबर कसतं. घरात वारा नाही, म्हणून आपला हात."

"आणि खरंच कसतं?"

गेना थांबली. तिने हाताकडे पाहिलं, मग रोपांकडे. "काय ठाऊक? मी जन्मभर सगळ्यांनाच कुरवाळत आले. न कुरवाळलेलं रोप पाहिलंय कुणी?"

वर्बान घरी आला. त्याने पडदा काढला, हीटर बंद केला आणि ओव्हरकोट घालून रोपं खोल पुरत बसला. काही हातातच मोडली. उरलेली दोन दिवसांत सावरली. मग त्याने डब्यांच्या दोन रांगा केल्या. डावीकडची रोपं रोज कुरवाळायची, उजवीकडच्यांना बोटही लावायचं नाही.

गेनाला हे कळलं तेव्हा ती दुखरे गुडघे धरत जिना चढून वर आली.

"उजवीकडच्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"मावशी, कळायला नको का खरं काय ते?"

ती डोळे बारीक करून खिडकी न्याहाळत राहिली. "असं कळणार नाही. डावीकडे ऊन जास्त वेळ टिकतं. रोज जागा बदल. आज ही इकडे, उद्या ती इकडे. आणि डब्यांवर खूण कर, नाहीतर घोळ घालशील."

वर्बानने डावीकडच्या डब्यांना लाल दोरा बांधला. त्यानंतर गेना रोज येऊ लागली. कॉफी घ्यायची, चष्मा लावून, स्वतःशी पुटपुटत खोडं तपासायची आणि जायची. एकदा ती खिडकीशी असतानाच रादकाचा फोन आला.

"घरात कोण बोलतंय?"

वर्बानला खोटं सुचलं नाही. "गेनामावशी."

रादकाचा आवाज चढला. "माझ्या स्वयंपाकघरात? मी काय सांगून आले होते?"

मग वर्बानने सगळं सांगितलं. शेवया, पुरलेली खोडं, लाल दोरा, न कुरवाळलेली रोपं. रादका रागावलेलीच होती, पण मध्ये बोलेना. त्याचं संपल्यावर तिने विचारलं, "मग? काही फरक?"

"अजून कळत नाही."

"तिला दे फोन," रादका म्हणाली. "तुला काय दिसणार आहे!"

गेनाने फोन कानापासून लांब धरला, जणू तो चावेल. "खोडं सारखीच वाटतात गं... नाही, पानं दोऱ्यावाल्यांची जरा गडद... अगं, उन्हामुळे नाही, जागा बदलतोय ना तो!"

त्यानंतर रादका रोज व्हिडिओ कॉल करायची आणि वर्बानची चौकशी उरकून गेनाला मागायची. एप्रिलच्या अखेरीस दोरेवाली रोपं खरोखरच थोडी बुटकी आणि जाड दिसू लागली. निदान गेनाला दिसली. रादका स्क्रीनवरून म्हणाली की वर्बान फोन तिरका धरतो, म्हणून तसं वाटतं. त्यावर दोघी चांगल्या तासभर भांडल्या. ल्युतेनित्साचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही.

मे महिन्यात रादका परतली आणि तिघंही रोपं घेऊन गावी गेली. वर्बानने घाईघाईत सगळी एकाच ओळीत लावून टाकली. जुलैत झाडं त्याच्या खांद्याला लागली, सगळी सारखीच दणकट. पहिला पिकलेला गुलाबी टोमॅटो रादकाने कापला, मीठ लावलं, पांढऱ्या चीजचा तुकडा ठेवला आणि आधी गेनाच्या हातात दिला.

गेना चवीने चावत राहिली. "हा कुरवाळलेल्यातला की दुसऱ्यातला?"

वर्बानने ओळीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"खूण कर म्हणून सांगितलं होतं ना!" गेना ओरडली.

"डब्यांवर केली होती," वर्बान पुटपुटला. "झाडांवर कुठे सांगितलं होतं?"

रादका एव्हाना ओळीत शिरली होती आणि एकेका झाडाचं खोड दोन बोटांत धरून बघत चालली होती.